छापखान्याचा कागद आधी, चित्रं नंतर

सात-आठ जणांनी मिळून चित्रांचं पुस्तक काढायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत मुखपृष्ठावरून वाद होतो. होऊ दे. वहीत मात्र पहिली नोंद विक्रीच्या तारखेची करा. डिसेंबरात सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हलच्या दिवसांत असं पुस्तक हातात घेऊन चाळणारे लोक पणजीत असतात, तेव्हा तो आठवडा धरून उलटं मोजत या. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, कुणीही हाती लागणार नाही आणि दिवाळीच्या तोंडावर छापखाने भरलेले असतात. म्हणून मजकूर आणि चित्रं ऑगस्टअखेर बंद करा, सप्टेंबरात नमुना प्रत काढा आणि छपाई पाऊस ओसरल्यावर करा. भर पावसात छापायचा हट्ट नको. कागद ओलावा पितो, ताव लहरतो आणि रंग एकावर एक नेमके बसत नाहीत.

मग आकार. तो पडद्यावर ठरवू नका, छापखान्यात जाऊन कुठले ताव मिळतात ते विचारा. डेमीचा ताव १८ × २३ इंचांचा. त्याच्या घड्या घातल्या की दोन्ही बाजू धरून १६ पानं होतात आणि कटिंगनंतर साधारण साडेपाच बाय साडेआठचं पुस्तक हाती येतं. चित्रकलेच्या मुलांना चौकोनी पुस्तकाचं भारी वेड, पण आठ इंची चौकोन २० × ३० च्या तावावर एका बाजूला सहाच बसतात. तावाचा सुमारे एक तृतीयांश भाग रद्दीत जातो, त्याचे पैसे तुम्ही भरता. चौकोनच हवा असेल तर उरलेल्या पट्ट्यांतून बुकमार्क तरी काढा. पानांची संख्या १६ च्या पटीत ठेवा, निदान चारच्या. नाहीतर शेवटी तीन कोरी पानं उरतात आणि त्यांवर ‘नोट्स’ असं छापायची वेळ येते.

यानंतर, आणि एकही चित्र पक्कं करण्याआधी, साध्या कागदाची डमी, म्हणजे कच्ची वही, शिवा. पानांवर नुसते आकडे आणि ‘इथे अमकीचं चित्र’ एवढंच लिहा. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली चित्रं इथेच पकडायची. गमचं बाइंडिंग असेल तर पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि मधला भाग गिळला जातो. माणसाचा चेहरा तिथे आला तर नाक जातं. अशी चित्रं बरीच असतील तर दोऱ्याची शिलाई घ्या, खर्च वाढला तरी चालेल. पानं कमी असतील तर मधल्या घडीवर मारलेली सेंटर पिन पुरते.

अक्षरांना चित्रांइतकाच वेळ द्या. गोव्यात अक्षरांची अडचण चारशे वर्षांची आहे. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं ते मराठीत, पण रोमी (रोमन) अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, नव्हते. आज फॉन्ट फुकट मिळतात आणि तरीही घोळ होतो. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग निवडली नाही तर वेलांटी भलत्याच जागी जाते, जोडाक्षरं फुटतात. डीटीपीवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आला तर तो आधी बदलून घ्या आणि पुन्हा वाचा. पुष्कळ फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. ‘तिरो देवनागरी मराठी’त ते आपल्या वळणाचे येतात. मराठी, देवनागरी कोकणी आणि रोमी कोकणी एकाच पानावर येणार असेल तर तिन्ही लिहून छापून भिंतीवर लावा. रोमी अक्षरं शेजारच्या देवनागरीपुढे बारीक किंवा ढोबळ वाटली तर आकार तिथेच बदला.

प्रती शंभर-दीडशे असतील तर डिजिटल छपाई बरी. ऑफसेटसाठी कराव्या लागणाऱ्या धातूच्या प्लेटांचा खर्च प्रती कितीही काढल्या तरी तेवढाच, त्यामुळे ते पाचशेच्या पुढेच परवडायला लागतं. फाइल देताना चित्रं ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके), रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे), चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये जाणारी जादा कड. मजकुराचा काळा रंग नुसत्या काळ्या शाईचा ठेवा, चार शाईंचा नको.

नावांचा कागद सगळ्यांत कंटाळवाणा, आणि मैत्री तिथेच तुटते. कायद्याने चित्राचा हक्क काढणाऱ्याचा असतो, गटाचा नाही. म्हणून एका पानावर लिहून सह्या घ्या: चित्र फक्त या आवृत्तीपुरतं की पुनर्मुद्रणातही, पोस्टकार्डं आणि पिशव्या काढल्या तर पैसे कुणाचे, मध्येच कुणी गट सोडला तर त्याची पानं राहणार की जाणार. गोव्याची खूण म्हणून व्यंगचित्रकार मारियो मिरांडांचं एखादं चित्र ‘आदरांजली’ म्हणून आत घ्यायचा मोह होईल. ते २०११ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचे हक्क २०७१ च्या अखेरीपर्यंत शाबूत आहेत. आणि शेवटचा शब्द कुणाचा हे ठरवा. आठ जणांची संमती घेत बसलात तर शुद्धलेखन कुणीच तपासत नाही. वाईट चित्राला नाही म्हणू शकेल अशी एक व्यक्ती हवी, आणि तिचं चित्र पुस्तकात नसलेलं बरं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन राय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, पण अर्ज छपाईच्या बराच आधी करा. पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवणं १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातही एक द्या. या पाच प्रती विक्रीच्या हिशेबातून आधीच वजा करा.

राहिली वाहतूक. १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) कागदावरची ६४ पानं आणि जाड मुखपृष्ठ धरलं तर डेमी आकाराच्या दोनशे प्रती जवळजवळ ३० किलो भरतात. स्कूटरवर दोन फेऱ्या मारू म्हणणाऱ्याचं ऐकू नका. चारचाकी आजच कुणाकडे तरी सांगून ठेवा आणि गठ्ठ्यांवर प्लास्टिक घालायला विसरू नका.