नेट रात्रीच का रेंगाळतं? कंपनी बदलण्याआधी कुठे तुंबतंय ते शोधा

सांगलीत विश्रामबागेत किंवा शंभर फुटी रोडला कुठल्याही अपार्टमेंटच्या जिन्यात बघा, तीन-तीन कंपन्यांच्या वायरी लोंबत असतात. त्यामुळे रात्री मॅच अडकली की घरात पहिलं वाक्य येतं ते 'हे काढून दुसरं घेऊ'. घ्या की, पण त्याआधी दोन-तीन दिवस मोजमाप करा. वेग अडण्याच्या जागा चार: घरातलं वायफाय, घरापर्यंतची वायर, गल्लीतली पेटी आणि ऑपरेटरने वरून विकत घेतलेली बँडविड्थ (एकूण नेट वाहून नेण्याची क्षमता). कंपनी बदलून हमखास फरक पडतो तो शेवटच्या दोन ठिकाणी. वायफायचा घोळ असेल तर तो नव्या कनेक्शनमध्येही जसाच्या तसा राहणार.

मोजायचं वायर लावून

मोबाइलवर सोफ्यात बसून केलेली स्पीड टेस्ट वायफाय मोजते, लाइन नाही. राउटरच्या लॅन पोर्टला कॅट-५ई किंवा कॅट-६ केबलने लॅपटॉप जोडा, त्याचं वायफाय बंद करा, घरातले टीव्ही आणि मोबाइल दोन मिनिटं नेटवरून काढा आणि मग टेस्ट घ्या. सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री साडेनऊ, असं तीन दिवस. आकडे वहीत लिहा. डाउनलोड, अपलोड आणि पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) तिन्ही.

प्लॅनमधले १०० हे मेगाबिट असतात. डाउनलोडच्या खिडकीत दिसतात ते मेगाबाइट. आठाने भागा: १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल जास्तीत जास्त सेकंदाला १२.५ मेगाबाइटने उतरते. तिथे ११-१२ दिसत असेल तर तक्रारीला जागा नाही.

आणखी एक फसवा आकडा म्हणजे ९४. प्लॅन २०० चा, आणि टेस्ट कितीही वेळा घेतली तरी ९३-९४ च्या वर जात नाही, तेव्हा मध्ये कुठेतरी १०० चा पोर्ट आहे किंवा केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटली आहे. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. स्वस्त फायबर मोडेमवर बऱ्याचदा एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे १०० चे. आधी केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा. यासाठी माणूस बोलवायची गरज नाही.

आता वही बघा, प्लॅन १०० चा धरून. वायरवर तिन्ही वेळा ९५ आणि बेडरूममध्ये मोबाइलवर १५, तर दोष वायफायचा. तिन्ही वेळा वायरवरच ४०, तर लाइन खराब आहे किंवा ऑपरेटरने प्लॅनच चुकीचा टाकलाय. महिनाअखेरीसच असं होत असेल तर डेटा मर्यादा संपली का तेही पाहा. 'अनलिमिटेड'च्या खाली बारीक अक्षरात ती लिहिलेली असते. सकाळी ९५ आणि रात्री २०, तर ती गर्दी. कंपनी बदलायचा विचार इथे सुरू होतो.

वायफाय

वायर दारातून आत आली म्हणून राउटर चपलांच्या रॅकवर, ही आपल्याकडची ठरलेली जागा. तो घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, टीव्ही आणि लोखंडी कपाटापासून लांब हवा. गावभागातल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून वायफायच्या दोन बँडपैकी ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या खोलीतच दम सोडतं, २.४ पोहोचतं, पण त्यात शेजारच्या दहा घरांची कालवाकालव असते. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. तेवढ्याने भागलं नाही तर रिपीटरच्या (वायफायचा सिग्नल पकडून पुढे फेकणाऱ्या डबीच्या) नादी लागू नका, तो बहुतेक वेळा निम्मा वेग स्वतःच खातो. कॅट-६ ची दहा-पंधरा मीटर वायर मागच्या खोलीत न्या आणि जुना राउटर तिथे बसवा: त्याचा आयपी (जाळ्यातला पत्ता) बदला, डीएचसीपी (बाकीच्यांना असे पत्ते वाटायचं काम) बंद करा, वायर वॅन पोर्टला (बाहेरून नेट येतं त्या) न लावता लॅन पोर्टला लावा.

घरापर्यंतची वायर

केबलवाल्याचं नेट म्हणजे सगळीकडे एकच प्रकार नसतो. काही ठिकाणी फायबर गल्लीतल्या पेटीपर्यंत येते आणि तिथल्या स्विचमधून निळी-काळी लॅन वायर घरात. ही वायर १०० मीटरपर्यंतच चालते. उन्हाने तिचं आवरण तडकतं, टेप गुंडाळलेल्या सांध्यात पाणी शिरतं, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की स्विचचा पोर्ट आणि तुमच्या राउटरचा वॅन पोर्ट जोडीने जळतात. शिवाय तो स्विच कुणाच्या तरी गच्चीवर, कुणाच्या तरी मीटरवर असतो. तुमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग काय, त्या घरची लाइट गेली की तुमचं नेट गेलं. काही शहरांत टीव्हीच्याच जाड केबलवरून मोडेम लावून नेट देतात. त्यात अख्ख्या भागाची घरं एकाच केबलवर वाटेकरी असतात आणि अपलोड फार थोडा मिळतो.

घरात थेट फायबर येत असेल तर एक आकडा स्वतः बघता येतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (काही मोडेमला शेवटी १००.१ असतं), स्टेटसमध्ये पॉन (पीओएन) किंवा ऑप्टिकल नावाचं पान शोधा. तिथे 'आरएक्स पॉवर', म्हणजे मोडेमपर्यंत पोहोचणारा प्रकाश, उणे चिन्हासह दिसते. उणे १५ ते उणे २४ ठीक. उणे २७ च्या आसपास मोडेमला प्रकाश दिसेनासा होतो, मोडेमवरचा लाल एलओएस (सिग्नल गेल्याचा) दिवा लुकलुकतो आणि लाइन ये-जा करते.

हा आकडा कुठून येतो ते कळलं की माणसाशी नीट बोलता येतं. ऑपरेटरच्या मशीनमधून साधारण +३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप, घट मोजायची डीबीत) निघतात. एका फायबरच्या आठ वाटा करणारा आठ फाट्यांचा स्प्लिटर साडेदहा डीबी खातो, पुढचा चार फाट्यांचा सात, तीन किलोमीटर फायबरची काच एक डीबी, सांधे आणि कनेक्टर दीड. तीनातून वीस गेले, उरले उणे १७. तुमच्याकडे उणे २६ दिसत असेल तर नऊ डीबी वाटेत कुठेतरी सांडतायत. दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे यायला हवा त्याच्या आठवा हिस्साच येतोय.

सांडतो कुठे? दाराच्या चौकटीत काटकोनात दुमडलेल्या वायरीत, खिळा घट्ट ठोकलेल्या क्लिपखाली, हिरव्या कनेक्टरला निळा जोडलेल्या ठिकाणी (हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, दोन्ही चिकटून बसत नाहीत), किंवा बोटाचा तेलकटपणा लागलेल्या टोकावर. आणि आपल्या भागातला खास प्रकार: गळीत हंगामात उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली रस्त्यावर आडवी गेलेली वायर ओढून नेते, मग रात्रीत घाईने जोड मारला जातो. वायर आल्यापासून उणे १८ होतं आणि डिसेंबरात उणे २५ झालं, तर तो जोड पुन्हा मारून मागा. फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. त्यातला लेझर दिसत नाही, पण असतो.

एवढं मात्र ध्यानात ठेवा. आरएक्स पॉवर उणे १८ असताना रात्रीच वेग पडत असेल तर वायरीला दोष देऊ नका. फायबर घड्याळ बघून मंद होत नाही.

गल्ली की त्याच्याही वर?

घरोघरी फायबर देण्याच्या जीपॉन तंत्रात एका फायबरवर मिळून २.४८८ गिगाबिट डाउनलोड आणि १.२४४ अपलोड असतं, आणि ते बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. १०० एमबीपीएसची ३२ घरं धरली तर बेरीज ३२०० होते, पण सगळे एकाच सेकंदाला पूर्ण वेग ओढत नाहीत, म्हणून निभतं. छोटे ऑपरेटर बऱ्याचदा ईपॉन हे दुसरं तंत्र वापरतात. त्यात एकूण १.२५ गिगाबिटच. त्यावर ६४ घरं आणि प्रत्येकाला ३०० चा प्लॅन विकला की रात्री काय होणार हे सांगायला नको. तरी बहुतेक वेळा पहिली तुंबते ती वरची जोडणी, कारण तिचे पैसे ऑपरेटरला दरमहा मोजावे लागतात.

फरक असा ओळखा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ट्रेसर्ट' (tracert) आणि पुढे ८.८.८.८ (गूगलच्या सर्व्हरचा पत्ता) द्या. पहिली ओळ तुमच्या राउटरची, दुसरी ऑपरेटरची. रात्री साडेनऊला दोन खिडक्या उघडून दुसऱ्या ओळीतल्या पत्त्याला आणि ८.८.८.८ ला 'पिंग' (ping) चालू ठेवा, शेवटी 'डॅश टी' (-t) लावून, पाच मिनिटं. दुसऱ्या ओळीचा वेळ ४ मिलिसेकंदांवरून ८० वर उड्या मारत असेल तर तुंबलंय घर आणि ऑपरेटर यांच्यामध्ये. ती शांत आहे आणि ८.८.८.८ मात्र १५ वरून १२० ला जातंय, तर वरची बँडविड्थ कमी पडतेय. नुसती मधली ओळ उत्तर देत नसेल आणि शेवटची नीट देत असेल तर तिकडे लक्ष देऊ नका. काही राउटर पिंगला मुद्दाम दाद देत नाहीत.

हे करताना घरातला अपलोड बंद हवा. मोबाइलचे फोटो किंवा सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग वर चढत असेल तर स्वतःचीच लाइन भरते आणि खापर कंपनीवर फुटतं.

यूट्यूब फर्र चालतं, स्पीड टेस्ट १०० दाखवते, पण ऑफिसचं काम सरकत नाही, याचं कारणही इथेच आहे. मोठ्या व्हिडिओ सेवांचे साठे ऑपरेटरच्या जाळ्यात किंवा जवळच ठेवलेले असतात, टेस्टचा सर्व्हरही आपोआप जवळचाच निवडला जातो. सर्व्हर बदलून मुंबईचा, मग दिल्लीचा निवडा आणि रात्री मोजा.

आता कंपनी

जाहिरात बाजूला ठेवा. ज्या शेजाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन आहे त्याच्याकडे रात्री साडेनऊला लॅपटॉप आणि केबल घेऊन जा, चहा होईपर्यंत टेस्ट होते. त्याच जिन्यातला आकडा पुण्यातल्या दहा रिव्ह्यूंपेक्षा खरा. तिथे आणि घरी दोन्हीकडे 'माझा आयपी' शोधून कुठल्या कंपनीचं नाव येतं तेही टिपून घ्या. पावती दोन नावांची, आत जाळं एकच, असं निघालं तर बदलून काही हाती लागणार नाही.

मोठ्या कंपनीची वरची जोडणी सहसा भक्कम असते, पण वायर तुटल्यावर दोन दिवस मेसेजच येत राहतात. गल्लीतला केबलवाला रात्री आठला शिडी घेऊन येतो. घरून काम असेल तर या गोष्टीला वेगाइतकंच वजन द्या. नदीकाठच्या भागात राहत असाल तर आणखी एक विचारा: ऑपरेटरची मशीन आणि बॅटऱ्या कुठल्या मजल्यावर आहेत? २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या गावात तळमजला हे उत्तर चालणार नाही.

वर्षाचा प्लॅन स्वस्त पडतो, तरी पहिला एक महिन्याचाच घ्या. दरात १८ टक्के जीएसटी धरा. ६०० चे ७०८ होतात. कॅमेरे बाहेरून थेट बघायचे असतील तर पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोहोचता येईल असा पत्ता) मिळतो का ते आधीच विचारा. जुनं कनेक्शन नवं चालू झाल्यावर आठवडाभर तसंच ठेवा. त्या आठवड्यात एक शनिवार-रविवार यायला हवा.

आहे त्याच कंपनीकडे सुधारणा मागायची असेल तर फोनवर 'नेट स्लो आहे' म्हणू नका. 'वायरवर सकाळी ९५, रात्री २०, आरएक्स उणे १८, दुसरी ओळ ४ मिलिसेकंद' असं सांगा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या. दाद मिळाली नाही तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. कनेक्शन सोडताना मोडेम परत दिल्याची पावती सीरियल नंबरसह लिहून घ्या. अनामत रक्कम त्या कागदाशिवाय सुटत नाही.