इंग्लंडला येणाऱ्या सांगलीकरांनो, आधी दवाखान्यात नाव घाला

सांगलीत ताप आला की गल्लीतल्या डॉक्टरांकडे नंबर लावायचा आणि समाधान झालं नाही तर थेट मिरजेला मोठ्या डॉक्टरांना दाखवून यायचं, ही आपली सवय. इथे ती चालत नाही. राहता त्या भागातल्या जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात तुमचं नाव हवं. हाडांचा असो वा हृदयाचा, सरकारी व्यवस्थेतला स्पेशालिस्ट सहसा जीपीच्या चिठ्ठीशिवाय भेटत नाही.

म्हणून घराची चावी मिळाली की त्याच आठवड्यात नाव घाला, आजारी पडायची वाट बघू नका. दर सप्टेंबरला आपली पोरं येतात, बँक, सिम, नोकरी सगळं मार्गी लावतात आणि हेच तेवढं ठेवतात. थंडीत छाती भरली की मग फोनाफोनी. अरे, विद्यार्थी व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरून आलाय तुम्ही! ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा नाही एवढ्यावरून नोंदणी नाकारता येत नाही, हे रिसेप्शनवर शांतपणे सांगा. तरी ऐकलं नाही तर दुसरा दवाखाना बघा, पण नाव घाला.

रिसेप्शनवरची बाई विचारते, 'काय होतंय?' आपल्या लोकांना याचा राग येतो. 'डॉक्टरांनाच सांगेन' म्हणतात आणि मागे पडतात. डॉक्टर, नर्स की फार्मासिस्ट, आज की पुढच्या आठवड्यात, हे त्या उत्तरावर ठरतं. 'बरं वाटत नाही' एवढं पुरत नाही. कधीपासून, किती, काय खाल्लं की वाढतं, सगळं सांगा. ताप सेल्सियसमध्ये सांगा. आपला १०२ म्हणजे इथला ३८.९.

सकाळी आठला फोन लावून रांगेत ताटकळण्यापेक्षा ऑनलाइन फॉर्म भरा. १ ऑक्टोबर २०२५ पासून सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६:३० तो उघडा ठेवणं दवाखान्यांना बंधनकारक आहे. दुखणं तातडीचं असेल तर मात्र फोनच करा. घसा, किंवा बायकांची लघवीची जळजळ, अशा काही तक्रारींवर केमिस्टच औषध देतो. दवाखाना बंद असेल तर १११, जिवावर बेतलं तर ९९९.

आईला किंवा बायकोला इंग्रजी जमत नसेल तर अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागा, फुकट मिळतो. अंगावरून जास्त जातंय हे मुलाच्या तोंडून डॉक्टरांना सांगायची वेळ कुठल्याही आईवर येऊ नये. आपल्याकडच्या कितीतरी बायका केवळ या संकोचापायी दुखणं अंगावर काढतात, आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे.

गावाकडून अँटिबायोटिकची पाकिटं आणून वाटणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या आणा, पण कंपनीचं नाही, औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून आणा.

आईवडील फिरायला येणार असतील तर जीपी त्यांनाही फुकट तपासतो, पण हॉस्पिटलात दाखल करावं लागलं तर दीडपट दराने बिल येतं. प्रवास विम्याशिवाय त्यांना विमानात बसवू नका.