कोलॅजनचा डबा घेण्याआधी हिशेब मांडा

कोलॅजन म्हणजे त्वचेला आणि सांध्यांना घट्टपणा देणारं प्रोटीन. मेडिकलमध्ये त्याचा डबा हातात आला की समोरचा गुळगुळीत चेहरा सोडा, मागची बाजू वाचा. एका मात्रेत कोलॅजन किती ग्रॅम? त्वचेच्या बहुतेक चाचण्यांत रोज २.५ ते १० ग्रॅम पावडर आठ-बारा आठवडे दिलेली आहे. १ ग्रॅमच्या गोळीने १० ग्रॅम गाठायचे तर दिवसाला दहा गोळ्या होतात. २५० ग्रॅमचा डबा १० ग्रॅमने २५ दिवसांत संपतो, म्हणजे बारा आठवड्यांना चार डबे. चारही डब्यांची किंमत एकत्र मांडा.

कोलॅजन मासा, कोंबडी नाहीतर जनावराच्या कातड्यातून काढतात. ‘बोवाइन’ म्हणजे गाय, बैल किंवा म्हशीचं. या सगळ्याच डब्यांवर मांसाहाराची खूण म्हणून तपकिरी त्रिकोण असतो. हिरव्या ठिपक्याच्या ‘व्हेज कोलॅजन’मध्ये बहुतेक वेळा व्हिटॅमिन सी, बायोटिन असंच काही असतं.

खाल्लेलं कोलॅजन सरळ गालात जाऊन बसत नाही, आधी पचून त्याचे तुकडे होतात. त्वचेचा ओलावा थोडा वाढल्याचं काही चाचण्यांत दिसतं, पण त्यातल्या बऱ्याच चाचण्यांचा खर्च विकणाऱ्यांनीच केलेला. गुडघेदुखी थोडी उतरू शकते. झिजलेली गादी मात्र भरून येत नाही. शिवाय ट्रिप्टोफॅन हा प्रोटीनमधला एक गरजेचा घटक नसल्यामुळे हे अपुरं प्रोटीन आहे, वरणाच्या जागी चालत नाही. ५५ किलोच्या बाईला रोज साधारण ४५ ग्रॅम प्रोटीन लागतं. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत २२, एका अंड्यात ६. एवढं ताटात पडत नसेल तर डबा घेऊच नका.

शरीर स्वतःचं कोलॅजन बनवतं, त्याला व्हिटॅमिन सी लागतं. रोज एक पेरू किंवा आवळा पुरतो. लिंबू वरण चुलीवरून उतरवल्यावरच पिळा, उकळीत सी बरंचसं नष्ट होतं. उन्हानं त्वचेतलं कोलॅजन तुटतं, म्हणून कापूस वेचताना दुपट्टा तोंडाभोवती हवाच. आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा घोटा? त्यातल्या सुपारीमुळे गालाच्या आत नको तितकं कोलॅजन साचतं, गाल ताठ होतात, तोंड उघडेनासं होतं.

तरी घ्यायचंच असेल तर पावडर मोजून घ्या. चहात टाकली तरी चालते. मे महिन्यात सुरू करू नका. ऑगस्टच्या दमट हवेत त्वचा आपोआप मऊ पडते आणि श्रेय डब्याला जातं. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा बऱ्यापैकी कोरडीच राहते, ते दिवस बरे. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी त्याच खिडकीपाशी, सकाळी, क्रीम न लावता फोटो काढा. गुडघ्यासाठी दर रविवारी दुखण्याला ० ते १० पैकी आकडा देऊन कॅलेंडरवर लिहा. निंदणाच्या हंगामात सुरुवात केली तर इथेही फसाल, कारण उकिडवं बसणं थांबलं की गुडघा तसाही हलका होतो.

किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मासळीची ॲलर्जी असलेल्यांनी माशाचं टाळावं. गुडघा लाल, गरम होऊन सुजला असेल तर मेडिकलमध्ये नाही, दवाखान्यात जा.