कपाट उभं करण्याआधी कर्ण मोजा

डोंबिवलीच्या घरी लेकीच्या खोलीसाठी आम्ही तीन दारांचं सुट्या फळ्यांचं कपाट आणलं. उंची 210 सेंटिमीटर, माळ्याखाली जागा 213. बसेल म्हणून निर्धास्त होतो. माळ्यासमोरच आडवं जोडलं, भावजी आणि मी उचलायला लागलो, आणि तिरकं असतानाच त्याची वरची कड माळ्याला अडली. सगळा भार आमच्या मनगटांवर, आणि लेक दारात उभी.

आडवं कपाट उभं होताना त्याला कर्णाएवढी जागा लागते. 210 उंच, 60 खोल म्हणजे कर्ण 218. हा हिशेब खोकं फोडायच्या आधी करा. माळा आड येत असेल तर दोन-अडीच फूट पुढे, मोकळ्या छताखाली उभं करा आणि मग आत सरकवा. आम्ही शेवटी पलंग हलवून तेच केलं.

जोडणी जमिनीवर जुनी गोधडी अंथरून करा. फळ्या ओरखडत नाहीत आणि नंतर कपाट त्याच गोधडीवरून सरकतं. बाजूची एकेक फळी साधारण 15 किलोची असते, एकट्याने फिरवू नका. स्क्रू, लाकडी खुंट्या, कॅम लॉक (फिरवून फळ्या आवळणाऱ्या गोल चकत्या) आणि त्यांच्या धातूच्या खुंट्या वेगवेगळ्या वाट्यांत मोजून ठेवा. कॅमचा बाण धातूच्या खुंटीच्या दिशेला, मग हातानेच अर्धा फेरा. ड्रिल लावलंत तर भुशाच्या फळीतलं भोक फुटतं आणि ती पकड पुन्हा येत नाही.

पाठीची पातळ फळी ठोकण्याआधी सांगाड्याचे दोन्ही कर्ण, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली अंतरं, टेपने मोजा. सारखे आले तरच ठोका, नाहीतर दारं कधीच सरळ बसणार नाहीत.

उचलताना दारं, कप्पे लावलेले नकोत. एकाने तळाच्या कडेला पाय लावायचा, दुसऱ्याने गुडघ्यात वाकून वरचं टोक उचलायचं. मुलं दुसऱ्या खोलीत. उभं झाल्यावर सरकवताना हात खाली, तळाजवळ.

आणि दारं लावण्याआधी भिंतीला बांधा. उघडी दारं, ओढलेले ड्रॉवर सगळं वजन पुढे आणतात. 2016 साली आयकियाने अमेरिकेत सुमारे 2 कोटी 90 लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली, कारण भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून मुलं गेली होती. आपल्याकडे खाली स्कर्टिंग असतं, त्यामुळे कपाट भिंतीपासून थोडं सुटतं. तेवढ्या जाडीची लाकडी पट्टी वर मागे घाला आणि तिच्यातून कपाट भिंतीला धरून ठेवणारा पट्टा घट्ट बसवा. बऱ्याच नव्या इमारतींत भिंती सायपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या असतात, त्यात स्क्रूसाठीचा साधा प्लग उपटून येतो. हार्डवेअरच्या दुकानात भिंत कशाची ते सांगूनच प्लग घ्या, आणि भोक पाडण्याआधी आत वायर किंवा पाण्याचा पाइप नाही ना ते बघा.

पट्टा बसल्यावर वरची कड दोन्ही हातांनी पुढे ओढून पाहा. हलली, तर त्या रात्री मुलांना त्या खोलीत झोपवू नका.