मुलाला ऑनलाइन कोणी फोटोवरून धमकावत असेल तर काय करायचं, कुठे जायचं, काय मागायचं

रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. रडत होती, नीट बोलताच येईना, मी तशीच उठून गेले. भाचा पंधरा वर्षांचा, भिंतीला टेकून खाली बसलेला, मोबाईल हातात आणि तो दर अर्ध्या मिनिटाला थरथरतोय. गेममध्ये ओळख झालेली एक 'मुलगी', मग इन्स्टावर गप्पा, मग व्हिडिओ कॉल, आणि कॉल कट झाल्यावर दोन मिनिटांत त्याचाच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ आणि त्याच्या फॉलोअर्सची यादी. यादीत वर्गातली मुलं, क्लासचे सर, आत्येबहीण. 'पाच हजार टाक नाहीतर सगळ्यांना पाठवतो.' भाऊजींनी घाबरून दोन हजार पाठवून दिले होते, आणि वीस मिनिटांनी पुढची मागणी आली. त्या रात्री आम्ही बऱ्याच चुका केल्या. नंतर पोलीस ठाणं, पोर्टल, वकील असं सगळं फिरताना जे कळलं ते इथे लिहितेय, कारण त्या रात्री मला असंच काहीतरी हवं होतं, ओळीने सांगणारं.

सगळ्यात आधी मूल. कायदा, पोर्टल, पोलीस सगळं नंतर. पोराला जवळ घ्या आणि सांगा की तुझी चूक असो नसो, गुन्हा समोरच्याने केलाय आणि आता हे आमच्यावर सोड. 'कशाला पाठवलास फोटो' हा प्रश्न त्या रात्री विचारायचाच नाही, अगदी ओठांवर आला तरी. हे लोक मुलाला एकच गोष्ट पटवत असतात, की घरी कळलं तर तुझं काही खरं नाही, आणि आपण ओरडलो की आपणच त्यांचं म्हणणं खरं करून दाखवतो. त्या रात्री मुलाला एकटं झोपू देऊ नका, मी हे उगाच म्हणत नाहीये. जिवाचं बरंवाईट करायचं बोलला किंवा नुसता गप्प गप्प झाला तरी कोणीतरी सतत सोबत राहा, गरज वाटली तर ११२ ला फोन करा. टेली-मानस म्हणून सरकारची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे समुपदेशक बोलतात.

मग पैसे. एक रुपयाही द्यायचा नाही. दिले की त्यांना कळतं इथे पैसे मिळतात, मग ते सुटत नाहीत. दिले गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा, ही आर्थिक सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, व्यवहाराचा यूटीआर नंबर (पेमेंटच्या पावतीवर असतो तो) आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम वाटेत गोठवली जायची शक्यता जास्त. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी केला, तोवर पैसे पुढे गेले होते.

आता पुरावा, आणि इथे आमची सगळ्यात मोठी चूक झाली. भाच्याने घाबरून अर्धं चॅट आधीच डिलीट केलेलं. तुम्ही तसं होऊ देऊ नका. चॅट डिलीट नाही, अकाउंट बंद नाही, फोन फॉरमॅट नाही. समोरच्याला उत्तर देणं थांबवा, शिव्या घालू नका, 'पोलिसात जातो' असंही सांगू नका कारण तो अकाउंट उडवून मोकळा होतो. आधी धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, तारीख वेळ दिसेल असे. प्रोफाइलचं नाव पुरत नाही, नाव मिनिटात बदलता येतं, म्हणून त्या प्रोफाइलची पूर्ण लिंक कॉपी करून ठेवा. फोन नंबर, गेममधला आयडी, यूपीआय आयडी, क्यूआर कोड, जे असेल ते. एका साध्या कागदावर क्रमाने लिहून काढा की ओळख कधी कुठे झाली, कॉल किती वाजता, मागणी किती वाजता. हा कागद पुढे प्रत्येक ठिकाणी कामी येतो, आणि पोराला तीच गोष्ट दहा लोकांना दहा वेळा सांगावी लागत नाही. एवढं झालं की मग ॲपमध्ये रिपोर्ट आणि मग ब्लॉक, या क्रमाने.

एक फार महत्त्वाचं. मुलाचा तो फोटो किंवा व्हिडिओ कॉपी करू नका, स्वतःच्या फोनवर घेऊ नका, काका-मामाला 'बघ रे काय करायचं' म्हणून पाठवू नका, वकिलाला किंवा ओळखीच्या हवालदाराला व्हॉट्सॲपवरही नाही. स्क्रीनशॉट शब्दांचे काढा, चित्राचे नाही. मूळ गोष्ट मुलाच्या फोनमध्ये आहे, तो फोन जसाच्या तसा पोलिसांकडे द्यायचा. हेतू कितीही चांगला असला तरी अशा प्रत्येक कॉपीने पोराचा त्रास वाढतो आणि कायद्याच्या नजरेतही ते बरोबर नाही.

तक्रार करायला तीन दारं आहेत. पहिलं राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन, गृह मंत्रालयाचं. त्यात महिला आणि मुलांसंबंधी गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे आणि तिथे दोन पर्याय येतात, एक नाव न सांगता तक्रार आणि दुसरा नाव-नंबर देऊन, ज्यात पुढे स्टेटस बघता येतं. तुमच्या स्वतःच्या मुलाचं प्रकरण असेल तर दुसराच घ्या, मोबाईलवर ओटीपी येतो आणि शेवटी पोच क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. नाव न सांगता केलेल्या तक्रारीचा माग काढता येत नाही. ती सोय कुठेतरी असं साहित्य दिसलं आणि कळवायचंय, पण स्वतः पुढे यायचं नाही, अशांसाठी चांगली. आणि हे लक्षात ठेवा की पोर्टलवर तक्रार गेली म्हणजे एफआयआर झाला असं नाही, ती तुमच्या राज्याच्या पोलिसांकडे जाते. म्हणून पोर्टलवर टाकून घरी बसायचं नाही.

दुसरं दार १०९८, चाइल्डलाइन, चोवीस तास, फुकट. मूल स्वतःही फोन करू शकतं. पोलीस ठाण्यात जायची भीती वाटत असेल, किंवा गुन्हा करणारा घरातलाच असेल आणि आई एकटी पडली असेल, तर आधी इथे फोन करा.

तिसरं दार पोलीस ठाणं. कुठलंही. गुन्हा आमच्या हद्दीत नाही हे उत्तर चालत नाही, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ खाली हद्द न बघता माहिती नोंदवून घ्यायची आहे, झिरो एफआयआर म्हणतात ते हेच. आम्हाला ठाणे अंमलदारांनी पहिल्यांदा सांगितलं की पोराला समजवा, मोबाईल काढून घ्या, चार दिवसांत शांत होईल. मी घरून लिहून नेलेला अर्ज पुढे ठेवला आणि म्हटलं, साहेब, पोक्सोच्या कलम १९ खाली माहिती देतेय, नोंद क्रमांक द्या. सूर बदलला. आवाज चढवायची गरज पडत नाही, कलम माहीत असलं की पुरतं.

ते कलम काय आहे ते सांगते. पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा, १८ वर्षांखालचं कोणीही, मुलगा असो मुलगी असो, त्यात बालक. (मुलांच्या बाबतीत हे होत नाही असं अजूनही खूप जणांना वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.) कलम १९ म्हणतं की असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता आहे हे ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचंच, आणि त्यांनी त्याला नोंद क्रमांक देऊन लिहून घ्यायचं आणि वाचून दाखवायचं. न कळवणं आणि न नोंदवणं, दोन्ही कलम २१ मध्ये गुन्हा आहे, मुलाला मात्र त्यातून वगळलंय. म्हणजे शाळेला कळलं आणि शाळेने 'नाव खराब होईल' म्हणून दाबलं तर शाळाही अडकते. ठाण्यात ऐकलंच नाही तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना पाठवा, त्यानेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

मुलाचा जबाब कसा घ्यायचा हेही कायद्यातच लिहिलंय आणि पालकांना हे माहीतच नसतं. घरी किंवा मुलाला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, सब-इन्स्पेक्टरच्या खालच्या दर्जाची नको, गणवेशात नाही, आणि आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. आमच्याकडे शेवटी एक मॅडम साध्या ड्रेसमध्ये घरी आल्या, आधी भाच्याला विचारलं की कुठला गेम खेळतोस, त्याची लेव्हल काय, आणि दहा मिनिटं त्याच गप्पा. नंतर तो आपणहून बोलायला लागला. ते दृश्य मी विसरणार नाही.

'पण व्हिडिओ खरा नाहीये, एआयने चेहरा लावलाय' असं असेल तरी गुन्हा आहेच. पोक्सोच्या २०१९ च्या दुरुस्तीत मुलांच्या लैंगिक साहित्याच्या व्याख्येत कॉम्प्युटरने बनवलेली, खऱ्या मुलापासून वेगळी ओळखता न येणारी चित्रंही घेतली आहेत, आणि कलम ११ मध्ये खोट्या, बनवलेल्या चित्राची धमकी देणंसुद्धा लैंगिक छळात येतं. मुलाचा वापर करून असं साहित्य बनवलं तर कलम १४ खाली कमीत कमी पाच वर्षं. शिवाय आयटी कायद्याचं कलम ६७बी, असं साहित्य ऑनलाइन टाकणं-पसरवणं याबद्दलचं, पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. अर्जात पोक्सोसोबत ६७बी चाही उल्लेख करा. समोरचा स्वतः १८ च्या आतला निघाला, जे वर्गातल्या प्रकरणांत बऱ्याचदा होतं, तर ते बाल न्याय मंडळासमोर चालतं, पण तक्रार तरीही करायचीच.

आता तो व्हिडिओ नेटवरून काढायचं. ॲपमध्ये रिपोर्ट करताना नुसतं 'स्पॅम' किंवा 'आवडलं नाही' नको, मुलांचं लैंगिक शोषण अशा अर्थाचा पर्याय शोधून तोच निवडा, कारण त्याने चक्र वेगळं फिरतं. अमेरिकन कंपन्यांना असं काही आढळलं की तिथल्या एनसीएमईसी या, हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळवणं बंधनकारक आहे, आणि आपल्या एनसीआरबीचा (देशभरातल्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी सरकारी संस्था) २०१९ पासून त्यांच्याशी करार आहे, भारतातले रिपोर्ट तिथून इकडे येतात आणि राज्यांच्या पोलिसांकडे जातात. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही मेल करा, २०२१ च्या आयटी नियमांत अशा नग्न किंवा लैंगिक फोटोंसाठी आधी २४ तासांची मुदत होती, २०२६ मध्ये ती दोन तासांवर आणली, नियम ३(२)(ब) चं नाव मेलमध्ये घ्या. आणि 'टेक इट डाउन' म्हणून त्याच एनसीएमईसीची मोफत सेवा आहे, फोटो १८ च्या आधीचा असेल तर चालते. फोटो कुठेही अपलोड होत नाही, तुमच्याच फोनमध्ये त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, तसा फोटो दिसला की त्या काढतात. फेसबुक, इन्स्टा त्यात आहेत. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये, म्हणजे जिथे मेसेज कंपनीलाही वाचता येत नाहीत तिथे, मात्र हे चालत नाही, म्हणून यावरच विसंबू नका.

अजून एक, हे सगळ्यांसाठी, मूल असो नसो. व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या लेकरावरच्या अत्याचाराचा व्हिडिओ येतो, खाली लिहिलेलं असतं 'या नराधमाला शोधा, जास्तीत जास्त फॉरवर्ड करा'. हाता-पाया पडून सांगतेय असं समजा, पण फॉरवर्ड करू नका. त्या लेकराचा तोच अत्याचार आपण अजून पन्नास जणांना दाखवत असतो. सुप्रीम कोर्टाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलंय की पुढे पाठवलं नाही तरी असं साहित्य नुसतं ठेवून घेणं, न काढणं, न कळवणं हे पोक्सोच्या कलम १५ मध्ये गुन्हा ठरू शकतं. याच निकालात कोर्टाने 'चाइल्ड पॉर्नोग्राफी' हा शब्दच वापरू नका असंही म्हटलं, कारण असं साहित्य म्हणजे अत्याचाराचा पुरावा असतो. आलं तर कोणी, कुठल्या ग्रुपवर, किती वाजता पाठवलं ते लिहून घ्या, पोर्टलवर किंवा पोलिसांना लगेच कळवा, आणि फोनमध्ये ठेवून बसू नका.

गुन्हा दाखल झाल्यावर पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष कोर्टाला कळवायचं असतं. समितीकडून सपोर्ट पर्सन मागा, २०२० च्या पोक्सो नियमांत ती सोय आहे. तपास आणि खटला चालेपर्यंत मुलासोबत राहणारं, पुढची तारीख काय, काय होणार हे समजावून सांगणारं माणूस. आम्ही हे उशिरा मागितलं, पहिल्याच आठवड्यात मागायला हवं होतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. नुकसानभरपाई आणि अंतरिम मदतीसाठीही विशेष कोर्टात अर्ज करता येतो, खटला संपायची वाट बघायची गरज नाही. साक्षीच्या वेळी मुलाला आरोपीसमोर उभं करायचं नसतं, पडदा किंवा व्हिडिओची व्यवस्था करतात, सुनावणी बंद दाराआड होते.

मुलाचं नाव, शाळा, पत्ता, फोटो छापता येत नाही, कलम २३. स्थानिक पोर्टलवाल्याने 'अमुक शाळेतला दहावीचा विद्यार्थी' एवढं जरी छापलं तरी पोलिसांना सांगा, गावात तेवढ्यावरून ओळखतात. शाळेत किती सांगायचं ते पोराला विचारून ठरवा. आम्ही फक्त मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं, त्यांनी एवढंच केलं की कोणाकडे काही आलं तर थेट माझ्याकडे आणायचं असं सगळ्या वर्गांना सांगितलं, कोणाचं नाव नाही.

फोन मुद्देमाल म्हणून जप्त होईल, त्याची तयारी ठेवा. जप्तीच्या कागदाची प्रत घ्या, त्यावर आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) बरोबर लिहिलाय का ते तिथेच बघा, आणि सिम परत मागा कारण बँकेचे ओटीपी त्यावर येत असतील. फोन लवकर हवा असेल तर कोर्टात अर्ज करून हमीपत्रावर परत मागता येतो. भाच्याला दुसरा फोन आम्ही आठ दिवसांतच घेऊन दिला, साधाच, पण इंटरनेटवाला. ताई नको म्हणत होती. मी म्हटलं, फोन गेला तर त्याला वाटेल आपल्यालाच शिक्षा झाली, आणि पुढच्या वेळी काही झालं तर तो सांगणार नाही.