बुरुजावरून गादे बघायचे, तर

दापोली असो की तारकर्ली, 'डॉल्फिन सफारी'ची पाटी दिसली की आपण होडीत चढतो. इंजिन धडधडतं, चार होड्या एकाच कळपामागे लागतात, कुणीतरी "तो बघा, तो बघा" ओरडतं आणि फोन बाहेर काढेपर्यंत सगळं संपलेलं असतं. त्यापेक्षा सकाळचे दोन तास एखाद्या किल्ल्याच्या बुरुजावर काढा. गादे (कोकणात डॉल्फिनला गादा म्हणतात) कुणी पाठलाग करत नसताना कसे वागतात, ते तिथूनच कळतं.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून हिवाळ्यात करडे देवमासे एकामागून एक दक्षिणेकडे जाताना दिसतात, तसं कोकणात होत नाही. अरबी समुद्रातले हम्पबॅक देवमासे तर इतर समुद्रांतल्या भाऊबंदांसारखे ध्रुवाकडे जातच नाहीत, वर्षभर इथेच असतात. ओमानजवळ 2017 मध्ये उपग्रह टॅग लावलेली 'लुबान' नावाची मादी अख्खा समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत येऊन गेली. पण काठावरून असा देवमासा दिसणं म्हणजे लॉटरीच. भरवसा ठेवायचा तो किनाऱ्यालगत राहणाऱ्या गाद्यांवर, थंडीत येणाऱ्या पक्ष्यांवर आणि अंडी घालायला येणाऱ्या कासवांवर.

महिने नोव्हेंबर ते मार्च. वेळ उजाडल्यापासून साधारण दहापर्यंत. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि पाणी स्वच्छ दिसतं. दुपारनंतर नुसती चकाकी. शिवाय सकाळी मतलई वारा असतो, तो जमिनीकडून वाहतो, त्यामुळे काठाजवळचं पाणी सपाट राहतं. खारं वारं सुटलं की लाटांच्या गर्दीत पाठीचा पंख शोधणं अवघड.

जागा उंच हवी. पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) उभं राहिलात तर समोरची लाटच आडवी येते. रत्नागिरीचा रत्नदुर्ग, देवगडचा किल्ला किंवा कुठलाही समुद्रावर उतरलेला सडा (कातळाचं पठार) चालेल. खाडीचं मुख दिसत असेल तर फारच छान, कारण माशांच्या मागे गादे तिथे येतात. कठड्यापासून दोन हात मागे, सावली बघून बैठक मारा. पाणी आणि टोपी विसरू नका. दुर्बीण 8×42 (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरते. 10 पटीची हातात थरथरते, आणि त्या थरथरीत प्रत्येक लाट डॉल्फिन वाटते.

आता खरं काम. दुर्बीण लगेच डोळ्यांना लावू नका. नुसत्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवा, मग थोडं लांबच्या पट्ट्यावरून परत या. प्राणी शोधू नका, पाण्यात काय खटकतंय ते शोधा: एकाच जागी घिरट्या घालून सूर मारणारे सुरय पक्षी, तारली माशांच्या थव्यामुळे खरखरीत दिसणारा पाण्याचा तुकडा, मधेच उमटलेली काळी रेघ. तिथे दुर्बीण धरा आणि धरूनच ठेवा. गादा श्वासासाठी वर येतो, कुबडासारखी पाठ आणि तिच्यावरचा छोटा पंख संथपणे वळतो, पुन्हा पाणी. दोन-तीनदा असा दिसला की बुडी लांबते; कधी काही मिनिटं. बहुतेक लोक नेमके तेव्हाच कंटाळून उठतात. बसून राहा, फक्त नजर थोडी पुढे सरकवा, कारण तो बुडाला तिथेच वर येईल असं नाही.

मी पहिल्याच सकाळी अर्धा तास एका 'डॉल्फिन'च्या नोंदी घेतल्या होत्या. तो जाळ्याचा बोया निघाला. खूण सोपी आहे: बोया जागचा हलत नाही आणि दम घेत नाही.

पाणी अगदी तेलासारखं असेल तर भुलगाही (डॉल्फिनचा छोटा नातेवाईक) दिसू शकतो. त्याला पाठीवर पंखच नसतो. ओल्या टायरचा तुकडा क्षणभर वर येऊन गेल्यासारखं वाटतं. आणि लांबवर देवमाशाच्या श्वासाचा वाफेसारखा फवारा उडालाच, तर ओरडण्याआधी वेळ, दिशा आणि फवारे किती ते लिहून घ्या. सोबत्याला दाखवताना "तिकडे" म्हणू नका. समोरचं क्षितिज बारा वाजता धरून "दोन वाजता, होडीच्या अलीकडे" असं सांगा.

उतरल्यावर पुळणीकडेही बघा. ओहोटीच्या ओल्या वाळूवर धावून थबकणारे छोटे चिखल्या पक्षी हिमालयापलीकडून आलेले असतात. थवा उडवून फोटो काढायची हौस आवरा. मार्च-एप्रिलमध्ये परतीसाठी त्यांना अंगावर चरबी साठवायची असते, आणि प्रत्येक उड्डाणात ती जळते.

ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायची असतील तर रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाठा. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांसोबत 2002 पासून इथे घरटी जपायला सुरुवात केली. पिल्लं साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, सकाळी किंवा संध्याकाळी सोडतात; रोज असतीलच असं नाही, म्हणून एक रात्र मुक्कामाची ठेवा. दोरीच्या आत पाय नको, फ्लॅश नको. ओडिशात 2021 मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली होती, म्हणजे या वाळूवर कोण कुठून येईल सांगता येत नाही.

किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन किंवा देवमासा दिसला, तर शेपटीला दोर बांधून ओढू नका. डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाणी-वाळू जाऊ देऊ नका, अंगावर ओली चादर टाका, गर्दी लांब ठेवा आणि वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. गणपतीपुळ्याला नोव्हेंबर 2023 मध्ये देवमाशाचं पिल्लू लागलं होतं. खूप माणसं, यंत्रं लावून त्याला खोल पाण्यात नेलं, तरी ते वाचलं नाही. म्हणून फोन आधी, फोटो नंतर.