ऑक्सिजन ॲब्सॉर्बर टाकूनही चटणी खवट होते? या चुका टाळा

लातूर, बीड, धाराशिवकडच्या बचत गटाच्या कितीतरी ताया आता शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी, येसर, खारोड्या असं सगळं कुरिअरनं पुण्या-मुंबईला पाठवायलेत. लई चांगलं चाललंय. पण पाऊचमधे ऑक्सिजन ॲब्सॉर्बरची पुडी टाकूनही माल खवट झाला की सगळे म्हणतात पुडी डुप्लिकेट निघाली, आणि खरं बघितलं तर बहुतेक वेळा पुडी बरोबरच असते, गडबड पाऊचमधे नाहीतर हाताळण्यात असते.

पुडीत असते लोखंडाची बारीक भुकटी आणि थोडं मीठ. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, मिठामुळं ते लवकर गंजतं, बस एवढंच काम आहे. हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के, चांगली पुडी तो 0.01 टक्क्याच्या खाली आणते. तेल खवट होणं, बुरशी धरणं, किडे होणं, ह्या सगळ्याला ऑक्सिजन लागतो म्हणून माल टिकतो. राहिलेली हवा म्हणजे नायट्रोजन, तो आतच राहतो, त्यामुळं पाऊच व्हॅक्यूमसारखं आवळलं नाही म्हणून पुडी फेल गेली असं समजू नका.

सगळ्यात मोठी चूक पिशवीची. किराणा दुकानातली साधी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी कितीही नीट सील करा, तिच्यातून हवा हळूहळू आत येतच राहते, पुडी बिचारी ओढून ओढून संपते आणि मग खवटपणा सुरू. ॲल्युमिनियम फॉइलचा थर असलेलं पाऊच घ्या, नाहीतर घट्ट झाकणाची काचेची बरणी. आणि सील करताना कडेला चटणीचा कण किंवा तेलाचा ओघळ राहिला की तिथंच बारीक भोक राहतं, डोळ्याला दिसत पण नाही. भरायच्या आधी पाऊचच्या तोंडाला आतून कागद लावा, माल ओतून झाला की कागद काढा, कड कोरड्या कपड्यानं पुसा, मगच सीलिंग मशीन दाबा.

दुसरं म्हणजे पुड्यांचं मोठं पाकीट फोडायचं आणि निवांत चटणी भरत बसायचं, मधे चहा, मधे फोन. पाकीट फुटलं की सगळ्या पुड्या कामाला लागतात! आधी सगळे पाऊच भरून ठेवा, मग पाकीट फोडा, 15-20 मिनिटांत पुड्या टाकून सील करा, उरलेल्या लगेच छोट्या बरणीत गच्च बंद. पुडी हाताला कोमट लागली तर घाबरू नका, ती काम करतेय. आतली भुकटी कडक ढेकूळ झाली असेल तर मात्र ती संपली, फेकून द्या. पाकिटात गुलाबी गोळी असेल तर ती बघत चला, निळी-जांभळी झाली म्हणजे आत ऑक्सिजन आहे.

साईजचा हिशोब सोपाय. पुडीवरचा 100 सीसी, 300 सीसी (सीसी म्हणजे मिलिलिटर) हा आकडा ऑक्सिजनचा असतो, हवेचा नाही. पाऊचमधे एक लिटर मोकळी हवा असेल तर ऑक्सिजन 210 सीसी, म्हणजे 300 ची पुडी टाका. शंका आली तर मोठीच घ्या, जास्तीनं काही बिघडत नाही.

सिलिका जेल वेगळं, ते फक्त ओल शोषतं. काहीजण दोन्ही पुड्या एकमेकींना चिकटून टाकतात, पण गंजायला ओल लागते आणि सिलिका तीच पळवतं, मग पुडी मंद पडते. मीठ-साखरेत पुडी टाकायची गरजच नाही, खडा होतो नुसता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्लीज नीट वाचा. धपाटे, ताजा खवा, पेढे, ओला लसूण वाटून केलेली चटणी, असल्या ओलसर मालात पुडी टाकून बाहेर ठेवू नका. बोट्युलिझम म्हणजे अन्नातून होणारी एक भयंकर विषबाधा, तिचे जंतू ऑक्सिजन नसला की वाढतात, त्यांचं विष जीव घेऊ शकतं, आणि मालाला वास येईलच असं नाही. चटणीला लसूण घालायचा तर पूर्ण वाळवून कुरकुरीत करा, शेंगदाणे भाजून गार झाल्यावरच कुटा, गरम माल भरला की वाफेची ओल आतच राहते. धपाट्यांची ऑर्डर आली तर करा, त्याच दिवशी जवळपास द्या, कुरिअरला नाही म्हणा.